पाव्हण्यांचे आबा

आबा पाखरं मोजत ती पायलीने. आकडे येत नव्हते म्हणून नव्हे. पंगतीची पानं, गाडीतली पोती ते बोटांवर बिनचूक मोजत. पण तलावावर उतरलेला बदकांचा थवा दाखवून "आबा, किती असतील?" असं विचारलं की ते डोळे बारीक करत, खळ्यावरच्या राशीकडे पाहावं तसं पाण्याकडे पाहत आणि सांगत, "सव्वादोन पायल्या. जास्त न्हाई." माझ्यासारख्या पुण्याहून आलेल्या पोस्टातल्या कारकुनाला याचं हसू येई. एका रविवारी मी वैतागून काठावर बसलो आणि एक थवा एकेक करून तीन वेळा मोजला. आबांची पायली म्हणजे शंभराच्या आसपास पाखरं. मग दुसरा थवा घेतला. त्यांनी "अर्दी पायली" म्हटलं आणि माझी मोजणी अठ्ठेचाळीसवर थांबली. त्यानंतर मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. लोणावळ्याच्या पोस्टात माझी नेमणूक झाली तेव्हा मी चोविशीत होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि वरिष्ठांची सही दिसली तरी मी खुर्चीतून उठून उभा राही. आबा तेव्हा पन्नाशी उलटलेले. गावाबाहेरच्या एका धरणाच्या तलावावर राखणदार होते. अंगात खाकी कोट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं आणि हातात वेताची काठी. ती काठी त्यांनी कुणावर उगारलेली मी पाहिली नाही. आठवड्यातून एकदा धरणाच्या कचेरीची डाक घेऊन ते पोस्टात येत. कचेरीची डाक म्हणून त्यांना आत बोलावलं तरी येत नसत. रांगेत उभे राहत.

ते राखत होते त्या पाण्याखालीच त्यांची वाडी होती. हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. ते स्वतः सांगत ते वेगळ्याच रीतीने. "ती फावड्या बसल्यात न्हवं, ते माजं वरलं खाचर. आन त्या शेपटाळ्या हायेत तितं आमचं खळं हुतं." फावड्या म्हणजे फावड्यासारखी रुंद चोच असलेली बदकं, शेपटाळ्या म्हणजे लांब टोकदार शेपटीची. ही नावं आबांनीच ठेवलेली. पाणी पहिल्यांदा भरलं त्या वर्षी ते फार रडले होते. काठावर बसून नुसतं पाण्याकडे पाहत राहायचे. मग थंडी सुरू झाली आणि एका सकाळी त्या पाण्यावर, पूर्वी कधी न पाहिलेली पाखरं येऊन बसली. "मी म्हनलं, आपलं घर ग्येलं खरं, पर घरात पाव्हनं आलं. पाव्हनं आल्यावर मानूस रडत बसतो व्हय?" तेव्हापासून हिवाळ्यात येणारं प्रत्येक पाखरू त्यांचा पाव्हणा झालं, आणि लोणावळ्याच्या बाजारात त्यांना नावच पडलं, पाव्हण्यांचे आबा.

पाव्हण्यांच्या येण्याचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. गणपती गेले की पहिला परीट येई. करडा, पिवळ्या पोटाचा, दगडावर शेपटी आपटणारा तो एवढासा पक्षी ओढ्याच्या काठी दिसला की आबा पोस्टात येऊन सांगत, "परीट आला. आता बाकीचं मागनं येत्यात." दसऱ्याच्या आतबाहेर बदकं. दिवाळीनंतर चक्रवाक, जोडीजोडीने, सोनेरी अंगाचे. होळीला सगळं सामान बांधल्यासारखी हालचाल सुरू होई आणि गुढी उभी राहीपर्यंत तलाव रिकामा. ती जातात कुठे, याबद्दल गावात मतं अनेक. कुणी म्हणे मानससरोवरात, कुणी म्हणे हिमालयापलीकडे, एका म्हातारबुवांच्या मते ती चिखलात शिरून झोपत. आबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "सांगनारा तितं ग्येलता का?"

त्यांची खरी काळजी निराळी होती. पाव्हणे कमी होत होते. मला ते पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा म्हातारपणाची खोड म्हणून मी सोडून दिलं. म्हाताऱ्यांना पूर्वीचं सगळंच जास्त वाटतं. पण आबांनी ठरावच मांडला. "तुमी वही काढा मास्तर. मी सांगतो, तुमी ल्ह्या." मी कारकून असलो तरी पोस्टातला माणूस म्हणून त्यांच्या लेखी मास्तरच होतो. मग ओळीने वर्षं आली. सालं त्यांना ठाऊक नव्हती, पण खुणा पक्क्या होत्या. मानमोडीच्या साथीच्या साली दोन मण. थोरल्या बैलाला वाघानं धरलं त्या साली पावणेदोन मण. विजेची आगगाडी सुरू झाली त्या साली मणाला दोन पायल्या कमी. पुढे सहा पायल्या. यंदा पाच. बारा पायल्यांचा मण धरून मी त्या ओळींकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच कळलं, की हा माणूस आठवणी सांगत नव्हता, एक उतरंड दाखवत होता.

"कशाने होत असेल हो आबा?" मी विचारलं.

त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "माज्यामुळं आसंल."

त्यामागची गोष्ट अशी. थंडीच्या दिवसांत तलावावर शिकारी येत. बडी माणसं असत, परवान्याची चिठ्ठी घेऊन येत. चिठ्ठी दाखवली की होडी काढायची आणि वल्ही मारायची, हे राखणदाराचं काम. आबांनी ते वर्षानुवर्षं केलं. पडलेली पाखरं पाण्यातून उचलून होडीत टाकायची तीही त्यांनीच. "आपुनच पाव्हन्याला घरात घ्यायचं आन आपुनच बंदूकवाल्याला त्याच्या म्होरं न्यायचं. मानसं असती तर कवाच रुसली असती. पाखरांनी का रुसू न्हाई?" 

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, आबा एका दुपारी रांगेतून माझ्या खिडकीशी आले आणि मुठीतली वस्तू काउंटरवर ठेवली. पातळ, पांढुरक्या धातूचं एक कडं. करंगळीतही बसलं नसतं एवढं. त्यावर आकडे होते आणि इंग्रजी अक्षरं.

"सकाळी एका सायबानं शेपटाळी पाडली. तिच्या पायात हा वाळा हुता. वाचा बरं."

मी वाचलं. आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, मॉस्को.

"ह्ये कुटं आलं?"

मी नकाशा उतरवून काउंटरवर पसरला. पोस्टात भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा होता. आबांनी लोणावळ्याच्या जागी एक बोट ठेवलं, मॉस्कोवर दुसरं, आणि दोन बोटांमधला तो सगळा प्रदेश, हिमालयासकट, नुसता पाहत राहिले. मागे रांग खोळंबली होती.

"कुनीतरी लाडानं घातलाय," ते शेवटी म्हणाले. "पोरीच्या पायात घालत्यात तसा. त्यो वाट बघत आसंल मास्तर. त्याला कळवाया पायजे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोस्ट बंद झाल्यावर आम्ही पत्र लिहिलं. आबा सांगत गेले, मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत उतरवत गेलो. पत्रात एकही शब्द माझा नव्हता. 'तुमचं पाखरू आमच्या गावी पाव्हणं आलं होतं. गोळी लागून मेलं. ती चूक आमची. पाखरू तगडं होतं, पोटात दाणा होता, उपाशी मेलं नाही. पूर्वी आमच्याकडे पाव्हणे दोन मण येत, आता जेमतेम पाच पायल्या येतात. तुमच्याकडे ते सुखरूप निघतात ना? तिकडे काही दुखणं आहे, का आमच्याकडेच कमी पडतं, ते कळवावं.' खाली वाळ्यावरचा आकडा. पत्ता म्हणून लिहिलं, 'पाखरांच्या पायात वाळे घालणारे गृहस्थ, मॉस्को.' तिकीट मी स्वतः लावलं. ठसा मारताना मला फार बरं वाटलं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सात-आठ महिने त्या ठशाने माझी झोप घालवली.

त्या दिवसांत मॉस्को या नावालाच सरकार बिचकत असे. तिकडून येणारं-जाणारं पत्र फोडलं जाई, तिकडचं पुस्तक सापडलं तर माणूस आत जाई. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी वर्तमानपत्र वाचत होतो. पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर एक पाखरू होतं आणि त्याची वाट पाहणारा कुणी माणूस होता. सरकार त्यात कुठेच नव्हतं.

गुढीपाडव्यानंतर आठवड्याभराने पुण्याहून एक फौजदार आले. साध्या वेषात होते, पण चालण्यावरून कळतच. त्यांनी मागच्या खोलीत टेबलावर आमचं पत्र ठेवलं. मुंबईलाच फोडलेलं.  त्यांनी आबांना बोलावून घेतलं. माझी वहीही मागितली. मी ती कपाटातून काढून दिली.

"हे पाहुणे कोण?" फौजदारांनी आबांना विचारलं.

"बदकं, सायेब."

"कुठे आहेत?"

"ग्येली."

"कुठे गेली?"

"त्येच इचारलंय की पत्रात."

फौजदारांनी वही उघडली. "मानमोडीच्या साली दोन मण. मग पावणेदोन मण. आता पाच पायल्या. हा माल कसला? कुणाचा?"

"देवाचा," आबा म्हणाले.

मला त्या क्षणी हसू आलं नाही. घरी माझी बायको होती, सहा महिन्यांची मुलगी होती. मी पटकन बोलून गेलो, "साहेब, मी फक्त लिहून दिलं. मजकूर यांचा आहे." बोललो आणि बोलता बोलता मला माझीच लाज वाटली. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फौजदारांना म्हणाले, "व्हय सायेब. मजकूर समदा माजा. मास्तरांचं निसतं अक्षार हाय. त्यांनला कशात धरू नगा."

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यांना तलाव पाहायचा होता, म्हणून आबा त्यांना घेऊन गेले. मीही मागून गेलो. चैत्राचं ऊन, तलाव अर्धा आटलेला, काठाला चार म्हशी आणि पाण्यावर एक पाणकावळा. तो बारा महिने इथलाच. पाव्हण्यांपैकी एक पीसही शिल्लक नव्हतं.

"हा पाहुणा?" फौजदारांनी विचारलं.

"न्हाई. ह्यो घरचा."

परतताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला या म्हाताऱ्यात काही काळंबेरं दिसत नाही. पण कागद वर गेलेला आहे. रिकामा तलाव दाखवून मी तो मिटवू शकत नाही. बदकं परत कधी येतात म्हणालात?"

"दसऱ्याला."

"मग दसऱ्यापर्यंत कागद माझ्या टेबलावर राहील. आली की कळवा. नाही आली, तर मात्र मला दुसरं काही सुचणार नाही."

वाळा, वही आणि पत्र घेऊन ते गेले. मला डाकेच्या खिडकीवरून काढून तिकिटांच्या खिडकीवर बसवण्यात आलं. चौकशी मिटेपर्यंत पत्रांना हात लावायचा नाही. आबांच्या साहेबांनी त्यांना तलावावरून हलवून कचेरीच्या बागेला पाणी घालायला लावलं. आबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. एकदा मीच न राहवून म्हणालो, "आबा, त्या दिवशी मी मागे सरलो." ते म्हणाले, "सरायचंच. तुमचं ल्येकरू बारीक हाय. माजं समदं वाढून झालंय." आणि लगेच विचारलं, "लेक बसाया लागली का?"

तो पावसाळा फार लांब वाटला. गणपती बसले, गेले. परीट आला. आबांनी सांगायच्या आधी मला तो पोस्टाच्या कौलांवर दिसला आणि मी, ज्याने लोणावळ्याला येईपर्यंत पाखराकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो टेबल सोडून बाहेर धावलो. दसरा आला. सोनं वाटलं. तलाव भरलेला, स्वच्छ, आणि रिकामा. आबा रोज पहाटे बागेच्या कामाआधी तलावाला फेरी मारून येत आणि पोस्टासमोरून जाताना नुसती मान हलवत. नाही. दिवाळी आली. मुलीसाठी आणलेल्या फुलबाज्या मी तशाच ठेवल्या. फौजदारांचं कार्ड आलं, 'काय झाले? मला वर उत्तर द्यावयाचे आहे.' माझी भीती नोकरीची होती. आबांची तशी नव्हती. बाजाराच्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मला आत घातलं तर घालू द्या मास्तर. पर ती आलीच न्हाईत तर? गेल्या साली पाच पायल्या हुती. यंदा कायबी न्हाई, आसं झालं तर?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी माझी भीती त्या दिवसापुरती विसरलो.

कार्तिकी पौर्णिमेनंतरचा सोमवार. पोस्टात मनीऑर्डरींची गर्दी होती. खिडकीसमोर पंधराएक माणसं. मी मान खाली घालून तिकिटं फाडत होतो. एकेक माणूस पुढे सरकत होता. कार्ड, पाकीट, तिकीट, कार्ड. मग एक माणूस पुढे आला आणि काहीच बोलला नाही. मी वर पाहिलं. आबा होते. मुंडासं सुटलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, श्वास लागलेला.

"आलं," ते म्हणाले.

"केव्हा?"

"सकाळच्याला."

"मग रांगेत कशाला उभे राहिलात आबा?"

"लोक हुते की म्होरं."

मी खिडकी बंद केली. नोकरीत पहिल्यांदाच, वेळेआधी. तार लिहायला बसलो आणि 'पाहुणे आले' असं लिहून झाल्यावर हात थांबला. तो कागद फाडला आणि लिहिलं, 'बदके आली. सत्वर यावे.'

फौजदार दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरले. धुकं विरळ होत होतं. आम्ही तिघं बंधाऱ्यावर चढलो. वरच्या अंगाला, जिथे पाणी उथळ होतं तिथे, ती बसली होती. फावड्या, शेपटाळ्या आणि लहान कबऱ्या बदकांचे पुंजके. काही झोपलेली, काही डोकं पाण्यात खुपसून चरणारी, आणि सगळ्यांचा मिळून एक बारीक, घरगुती गलबला. दूरच्या प्रवासाहून आलेल्या माणसांनी ओसरीवर बोलत बसावं तसा. फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली. 

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा पायल्या," आबा म्हणाले. आणि मग, जणू तेव्हाच कानावर पडल्यासारखं, स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "साडेसहा. गेल्या सालापरास दीड जास्त हाय."

"अहवालात पायली लिहू?"

मी म्हणालो, "साडेसहाशे लिहा, साहेब."

त्यांनी तिथेच दगडावर वही ठेवून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, 'पाहुणे म्हणजे रानबदके असून त्यांत मनुष्य आढळला नाही.' मग खिशातून वाळा काढून आबांच्या हातावर ठेवला. म्हणाले, "पत्र पुन्हा लिहा. पण या खेपेला सरळ बदकं म्हणा. आणि कृपा करून मण आणि पायली लिहू नका." आबा हसले. मी खाली बसलो. त्या ओल्या गवतावर मला असं हलकं वाटलं, की मुलगी झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. घरी जाऊन भर दुपारी आम्ही सगळ्या फुलबाज्या लावल्या.

आबा पुन्हा तलावावर रुजू झाले, मी डाकेवर, आणि पत्र पुन्हा गेलं. जवळजवळ वर्षाने उत्तर आलं, टंकलिखित, सरळ इंग्रजीत. मी ते धरणाच्या चौकीत जाऊन आबांना वाचून दाखवलं. ती शेपटाळी पिल्लू असताना, पंख फुटण्याआधी, सायबेरियातल्या एका तळ्याकाठी तिच्या पायात वाळा घातलेला होता. घालणारे गृहस्थ पाखरांचेच अभ्यासक होते आणि असे वाळे त्यांनी पुष्कळ पाखरांना घातले होते, केवळ ती कुठे जातात हे कळावं म्हणून. बहुतेक वाळ्यांचं पुढे काहीच कळत नाही. इतक्या दक्षिणेकडून त्यांना फारच थोडी पत्रं आली होती. त्यांनी आबांचे मनापासून आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, की त्यांच्याकडे मध्यंतरी काही वर्षं पाऊस पडला नाही, तळी आटली, पिल्लं फारच थोडी जगली. आता पाऊस बरा होत आहे.

"थांबा," आबा म्हणाले. "तितंबी दुस्काळ पडतो?"

"पडतो, असं लिहिलंय."

त्यांनी डोळे मिटले. "म्हंजी रुसलं न्हवतं," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मुंडाशाच्या सोग्याने तोंड पुसलं आणि उठून उगाचच चौकीतला कंदील दुसऱ्या खुंटीला लावला.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. तुमच्या बाजूला हिवाळ्यात किती पाखरं मारली जातात, हे कळवू शकाल का? तो मी वाचावा की नाही, असा क्षणभर विचार केला, मग वाचला. आबा म्हणाले, "इचारत्यात ते रास्त हाय. निम्मं दुखनं तिकडलं, निम्मं हिकडलं. हिकडलं आपुन बगायचं."

त्यांनी काय बघितलं ते मला पुढच्या थंडीत कळलं. होडी गळू लागली. चिठ्ठी घेऊन शिकारी आला की आबा अदबीने त्याला होडी दाखवत. तळाशी वीतभर पाणी असे. "मेस्त्रीला निरोप धाडलाय सायेब. आज येतो, उद्या येतो." तो मिस्त्री कुणी कधी पाहिला नाही. एकदा मी विचारलं, "आबा, ही होडी दुरुस्त कधी होणार?" तर म्हणाले, "आमच्या वक्ताला तरी न्हाई." काठावरून बंदुका वाजतच, तेवढं त्यांच्या हातात नव्हतं. पण पाखरं काठापासून दूर, मधल्या पाण्यावर बसायला शिकली, आणि तिथे पोचायला होडी लागे.

पुढे महायुद्ध सुरू झालं. धरणावर पहारा बसला, बंदूक घेऊन येणाऱ्याला फाटकातूनच परत धाडत. जगभर माणसं मरत होती आणि आमच्या त्या एवढ्याशा पाण्यावर मात्र गोळीचा आवाज थांबला. आबांना याचं काय करावं ते कळत नसे. "चांगलं म्हनू का वाईट म्हनू?" असं विचारत.  वही परत आली होती. तिच्यात मी ओळी वाढवत होतो. सात, साडेआठ, पुन्हा सात, नऊ.

युद्ध चालू असतानाच माझी नगरकडे बदली झाली. स्टेशनवर आबा आले. द्रोणात करवंदं होती. ती माझ्या मुलीच्या हातात दिली आणि मला विचारलं, "तितं तळं हाय का?" आहे म्हणालो. "मग कळवत जावा." मी दर वर्षी कळवत गेलो. पहिली बदकं कुठल्या दिवशी आली, किती आली, एवढ्याच दोन ओळी. उत्तर येई लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून. आबांनी नोकरी सोडली होती आणि ते मुलीकडे, ठकूबाईकडे राहत होते. ती शाळेच्या गुरुजींकडून कार्ड लिहवून धाडी. मी वरिष्ठांना भिणं कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण त्या वर्षांत केव्हातरी सुटलं.

युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात कार्ड आलं ते आबा गेल्याचं. मी रजा टाकून कुरवंड्याला गेलो. ठकूबाईने पाटावर बसवलं, चहा दिला आणि मी न विचारता सगळं सांगितलं.

आबांचे पाय दिवाळीपासून सुजले होते. अंथरुणावरून उठवत नव्हतं. ती रोज लोणावळ्याला दूध घालायला जाई, येताना तलावावरून ये, अशी त्यांची आज्ञा. पहिले दोन दिवस तिने बापाला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगितलं. "पन त्यांनी धरलं बगा," ती म्हणाली. "म्हनलं, ठके, मला खोटं सांगून आजार बरा व्हनार न्हाई. मग मी खरंच सांगू लागले. थोडी हायेत, आजून थोडी हायेत. आन एक दिवस मी ग्येले, तर पानीच दिसंना. ह्या काठापासनं त्या काठापत्तर पाखरं. मी पळत आले. सांगितलं, तर इस्वास ठिवंनात. मला वाटलं, आता ह्यांनला न्याया पायजे."

गावातली चार माणसं तयार झाली. घोंगडीची डोली केली आणि उतारावरून, वाटेत दोनदा थांबत, त्यांना बंधाऱ्यावर नेलं. पाठीला उशी लावून बसवलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कायबी न्हाई. मोजलंबी न्हाई, निसतं बगत बसले. मला वाटलं, रडत्यात का काय. पर न्हाई. तोंड कसं, लगीन पार पडल्यावानी. आमी समदे तसंच उभे. मग म्हनले, चला आता घरी. मला थंडी वाजतीया."